बारापट स्पीडचं गुपित

अमळनेरला भाच्याचा केबल-इंटरनेटचा छोटा धंदा आहे. गेल्या आठवड्यात रात्री अकराला त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड धाडला. 'ओएलटी, स्विच कमांडने चालवणाऱ्यांसाठी चार गुपितं'. (ओएलटी, स्विच म्हणजे ग्राहकांपर्यंत नेट पोचवणारे केबलवाल्याकडचे बॉक्स.) खाली प्रश्न : "मामा, हाई खरं शे का?" मी उत्तर देईपर्यंत त्यातलं एक करूनही बसला होता.

ते पहिलंच. कन्सोलचा स्पीड ९६०० वरून ११५२०० करा, ग्राहकांचं नेट बारापट पळेल. भागाकार बरोबर आहे, बाकी काही नाही. तो आकडा कन्सोल केबलमधून, म्हणजे बॉक्सला कमांड द्यायला लॅपटॉपपासून लावतात त्या केबलमधून, अक्षरं किती वेगाने जातात त्याचा. ग्राहकाचा डेटा त्या केबलच्या वाटेला जातच नाही. भाच्याने बॉक्समध्ये आकडा बदलला, पुटीमध्ये (लॅपटॉपवर कमांड टाइप करायचा प्रोग्रॅम) ९६००च ठेवला, आणि स्क्रीनवर नुसता कचरा उमटायला लागला. "मामा, बॉक्स जळाला!"

दुसरं, टेलनेट हलकं, एसएसएच जड, तेव्हा एसएसएच बंद करा. दोन्ही लांबून बॉक्समध्ये लॉगिन करायच्या रीती; टेलनेट सगळं उघडं पाठवतं, एसएसएच सांकेतिक करून. जुन्या बॉक्सवर एसएसएचचं लॉगिन जरा रेंगाळतं, हे मान्य. रेंगाळू द्या. तुमच्या लॉगिनचं ओझं ग्राहकाच्या स्पीडवर येत नाही.

तिसऱ्याने मात्र माझं डोकं फिरलं. 'टाइप करताना पासवर्ड दिसत नाही, म्हणजे टेलनेट सुरक्षित. कंपनीचा मूळ पासवर्ड बदलू नका, विसरलात तर बॉक्स भंगारात.' अहो, दिसत नाही तो तुम्हाला! रविवारी भाच्याला जळगावला बोलावलं, लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे तारेवरून काय जातं ते दाखवणारा प्रोग्रॅम, लावलं आणि त्याच्याच स्विचमध्ये टेलनेटने लॉगिन करायला सांगितलं. युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोन-दोनदा दिसलं, कारण पलीकडचा बॉक्स ते परत पाठवतो. पासवर्ड तो परत पाठवत नाही, म्हणून तो एकदाच आला, सरळ वाचता येईल असा. भाच्याचा चहा तसाच निवला. पासवर्ड असे तारेवरून चोरले गेले म्हणूनच फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात असताना एसएसएच लिहिलं.

आणि मूळ पासवर्ड? २०१६चा मिराई नावाचा घातक प्रोग्रॅम आठवा. इंटरनेटवर टेलनेटचे उघडे पोर्ट (बॉक्समध्ये शिरायची दारं), २३ आणि २३२३, शोधायचे आणि कंपन्यांच्या साठेक ठरीव युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून बघायच्या, एवढीच त्याची अक्कल. तेवढ्यावर लाखो कॅमेरे-राउटर त्याने ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्याच फौजेच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. राहिली विसरण्याची भीती, तर बॉक्स हाताशी असला की कन्सोल केबल लावून बहुतेकांचा पासवर्ड नव्याने टाकता येतो. भंगारवाल्याला कशाला बोलावता?

चौथं, कमांड मारली की आपोआप सेव्ह होते. भाच्याच्या स्विचमध्ये तरी नाही. परवा त्याने टेलनेट बंद केलं, पासवर्ड बदलला, आणि 'राइट मेमरी' ही सेव्ह करायची कमांड मारायचं विसरला. संध्याकाळी लाईट गेली, यूपीएसने मान टाकली. लाईट आली तेव्हा टेलनेट उघडं, पासवर्ड जुनाच. आता परत करून घेतलंय, शेवटची कमांड मारेपर्यंत मी फोन ठेवला नाही.