'सैन्य' म्हणजे निदान नव्हे

ख्रिस्ती ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. एकाच माणसात अनेक व्यक्ती वावरतात तो 'मल्टिपल पर्सनॅलिटी'चा आजार म्हणजे दुसरे आत्मे शिरल्याचा प्रकार. बायबलात दाखला आहे, चर्चची शिकवणही तीच, तेव्हा डॉक्टर नको, भूत काढा.

दाखला बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला. कबरींत राहणारा माणूस म्हणतो, "माझे नाव सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत." 'आम्ही' म्हटलं की झालं निदान! बेड्या तोडणं, दगडांनी अंग ठेचून घेणं मार्कने लिहिलंय. पण या आजाराची मोठी खूण, आठवणींत पडणारी भगदाडं, त्या गोष्टीत कुठेच नाही. शिवाय बायबलातच मत्तय 4:24 मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षघाती अशी वेगवेगळी नावं घेतलीत, म्हणजे भूतबाधा आणि आजार एकच मानलेले नाहीत.

चर्चची शिकवण म्हणाल, तर कॅथलिकांच्या 1614 च्या विधिग्रंथातच बजावलंय की भूतबाधा झाली असं चटकन मानू नका. आजच्या धर्मशिक्षणग्रंथानुसार मानसिक आजार हे वैद्यकाचं काम. हे बाजूला सारल्यावर काय होतं ते जर्मनीत दिसलं. ॲनेलीस मिशेल या तरुणीला फेफऱ्याचं निदान झालेलं होतं. 1975-76 मध्ये तिच्यावर भूत काढण्याचे 67 विधी झाले, तेही बिशपच्या परवानगीने. 1 जुलै 1976 रोजी ती उपासमारीने गेली. वय 23, वजन जेमतेम 30 किलो. 1978 मध्ये आईवडील आणि दोन धर्मगुरू दोषी ठरले.

राहिले 'दुसरे आत्मे'. माणसाला दोन आत्मे असतात हे मत चर्चच्याच कॉन्स्टँटिनोपल इथल्या 869-870 च्या परिषदेने धिक्कारलंय. मानसोपचारातही या 'अनेक व्यक्ती' म्हणजे एकाच माणसाची विखुरलेली अंगं मानतात. म्हणजे त्यातल्या प्रत्येक 'व्यक्ती'चा वेगळा बाप्तिस्मा वगैरे प्रश्नच उरत नाही.

खरा पेच पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याचा आहे. एका अवस्थेत केलेलं दुसऱ्या अवस्थेत आठवतच नसेल, तर पश्चात्ताप कोणी करायचा? चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1551 मध्ये सांगितलं, की कसून आठवूनही न सुचलेली पापं त्याच निवेदनात धरली जातात. साध्या विसराळूपणाला हे पुरतं. पण जे आपण केलंच नाही असं रुग्णाला मनापासून वाटतं, ते 'विसरलेलं' म्हणायचं का? धर्मपंडितांनी डोकं खाजवावं असा प्रश्न हा आहे. भूत काढायला निघालेल्यांना तो पडतही नाही.