माहेरच्या भिंतींत लक्ष घालणारच

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. सोलापुरातल्या उत्तर कसब्यातले जुने, सपाट मातीच्या छपरांचे म्हणजे माळवदांचे वाडे पाडून टाकावेत, रस्ते रुंद करावेत, टॉवर उठवावेत, असं निम्म्या वर्गाचं म्हणणं. एकानं विचारलं, "माळवदाची माती किती दिवस डोक्यावर पाडून घ्यायची बे?" मी विरोध केला, तर दुसऱ्याचं उत्तर आलं, "माहेरवाशिणीनं माहेरच्या भिंतींत लक्ष घालू नये." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मी इंग्लंडात ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअरला राहते. इथली लोकरीची गिरणी १८५३ची. १९८६ साली ती बंद पडली, पुढच्याच वर्षी एकानं विकत घेतली. आज तिच्यात चित्रांचं दालन आहे, पुस्तकांचं दुकान आहे. २००१ पासून अख्खं गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. आमच्या पुढच्या खिडकीची चौकट कुजली तेव्हा काउन्सिलनं प्लास्टिकची लावू दिली नाही, लाकडाचीच करावी लागली. पैसे जास्त गेले. गेले तर गेले, गल्ली होती तशी राहिली.

आपली सोलापूरची 'जुनी मिल' १८७७ची, मोरारजी गोकुळदासांनी काढलेली. आजी सांगायची, तिच्या भोंग्यावर घरात चूल पेटायची. ती साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात. गिरण्या इथंही बुडाल्या आणि तिथंही. इथं निदान भिंतींना दुसरं काम दिलं गेलं.

तिकडं पैसा आहे, आपल्याकडं कुठून आणायचा, असं लगेच म्हणू नका. आप्पासाहेब वारदांनी बांधलेली इंद्रभुवन ही जुनी इमारत आपल्याच महापालिकेनं दुरुस्त करून घेतली ना? ते कोरीव काम नीट करणारे हात मिळालेच ना? मग वाड्यांपाशी आल्यावरच हात का आखडतो?

आणि कसबा म्हणजे नुसती चार-दोन पडकी घरं नव्हेत. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी बाराव्या शतकात गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या यात्रेत मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, ते या लिंगांना तैलाभिषेक करायला. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलत बोळातून येतो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या माळवदांवर बायका-पोरं श्वास रोखून उभी असतात. काठी जरा कलली की सगळा बोळ ओरडतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर "सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्" म्हणत सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात. ही वाट, हे बोळ आणि ही माळवदं एकमेकांच्या मापानं झालेली आहेत. चाळीस फुटी रस्त्यावर दहाव्या मजल्यावरून ती काठी कशी दिसेल, याचा विचार ग्रुपवर कुणी केलेला नाही.

ज्या गावानं ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा फडकवला, मार्शल लॉ सोसला, ज्याचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, त्या गावाला आपल्या जुन्या पेठांची लाज का वाटावी? इथं गिरणी काढणाऱ्या सॉल्टसाहेबांच्या मुलांची नावं गल्ल्यांना आहेत, ती मला पाठ आहेत. आलेल्या पाहुण्यांना मी हौसेनं सांगते. पण मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही आमच्या त्या चार हुतात्म्यांची नावं इथं मला कधी कुणी विचारली नाहीत, आणि ते मला लागतं.

माझ्याच मनात काय आहे तेही लिहिते. आमच्या वाड्याच्या हक्कसोडपत्रावर मी राजीखुशीनं सही केली आहे. भावाला राहायला तेच घर आहे. पावसाळ्यात पातेली मांडून रात्र काढायची वहिनीला सवय झाली आहे, मला नाही. माझं मतदान इथं, काउन्सिलला हरकतीचं पत्र लिहिलं तर माझं नाव वाचलं जातं. सोलापुरात मात्र मला सातबारा नाही, मत नाही. उरलं ते बोलणं, आणि तेही नको म्हणतात. म्हणून मी जरा जास्तच भांडते, हे मला कळतं.

तरी मागणी सोडत नाही. निदान पाडण्याआधी प्रत्येक वाड्याचं मोजमाप घ्या, नकाशे काढा, तुळया-खांबांचे फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा. आर्किटेक्चरची पोरं हाताशी घ्या. खर्चातला वाटा मी उचलते. सुरुवात आमच्याच वाड्यापासून करा, भावाशी माझं बोलणं झालंय.