‘चुन्याचं कौतुक पुरे झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सेक्रेटरीसाहेब,

जुन्या भिंतींच्या दरजा, म्हणजे विटा-दगडांमधले सांधे, चुन्यातच भरा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. एकीकडून कंत्राटदार आणि दुसरीकडून भाडेकरू, दोघांची बोलणी खात चाळ सांभाळणाऱ्या माणसाला दोन ओळींत वाटेला लावणं मला पटत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुमची गिरगावातली चार मजली चाळ १९०५च्या सुमाराची. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या जाड भिंती, आत सागवानी तुळया. चार वर्षांपूर्वी तुम्ही रस्त्याकडच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या, वर वॉटरप्रूफ रंग दिला आणि पाऊस आत यायचा थांबला. चुना मुंबईच्या पावसात टिकत नाही, त्याचे गवंडी मिळत नाहीत, गूळ-बेलफळाच्या गोष्टी ऐकायला बऱ्या, असं तुम्ही म्हणता. आणि लोक वरचा मजला अंगावर येईल या भीतीने झोपत असताना भिंतीच्या देखणेपणावर लिहिणं तुम्हाला निर्दयपणाचं वाटतं. जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘खालच्या दोन मजल्यांवर आतून रंगाचे पोपडे निघतात, पण तो वेगळा विषय आहे.’

माझ्या मते तो वेगळा विषय नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्या काळच्या इमारतींत जोत्यावर ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं. गिरगावसारख्या समुद्राजवळच्या सखल भागात तर ते बारा महिने चढतं, आणि येताना क्षार घेऊन येतं. इतकी वर्षं हे पाणी बाहेरच्या बाजूने चुन्याच्या दरजांतून उडून जात होतं. तुम्ही दरजा सिमेंटने बुजवल्या, वर रंगाचा पापुद्रा चढवला. खालून येणारं पाणी काही थांबलं नाही. बाहेरची वाट बंद झाल्यावर ते आणखी वर चढलं आणि आतल्या बाजूने निघालं. पूर्वी गुडघ्याएवढी असलेली ओल आता खांद्यापर्यंत आली असेल, तर कारण हेच. पोपड्यांखाली बोट फिरवून बघा, पांढरी भुकटी हाताला लागेल. तो लोणा. पाणी उडून जातं तिथे क्षारांचे स्फटिक होतात, ते विटेच्या छिद्रांत फुगतात आणि विटेचा पृष्ठभाग आतून फोडतात.

चुन्याची दरज असते तेव्हा हा मार ती खाते. ती भुसभुशीत होते, काही दशकांनी खरवडून पुन्हा भरता येते. सिमेंटची दरज मात्र विटेपेक्षा कडक आणि पाण्याला बंद, म्हणून सगळा मार विटेवर जातो. गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांतून हिंडताना सिमेंटने दरजा भरलेली एखादी जुनी, रंग उडालेली भिंत जवळ जाऊन पाहा. विटा बोटाच्या पेराएवढ्या आत झिजून गेलेल्या असतात आणि सिमेंटच्या दरजा पोळ्याच्या जाळीसारख्या बाहेर उभ्या असतात. बोट लावलं की विटेची लाल पूड गळते. दरज शाबूत आणि वीट गेलेली. वीट पुन्हा भरता येत नाही, काढून दुसरी बसवावी लागते, आणि त्या जातीची वीट आता कुठून आणणार?

‘पण सिमेंट मजबूत आहे,’ हा तुमचा मुद्दा. मजबूत आहे, आणि तुमच्या भिंतीला त्या मजबुतीचा उपयोग नाही. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू अशा मालाची, म्हणजे सांध्यांत भरायच्या मिश्रणाची, ताकद भारतीय मानकानुसार ७.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात. साध्या चुन्याच्या मालाची एक-दोनच्या घरात. आता गरज किती ते पाहू. चौदा मीटर उंच विटांच्या भिंतीचं स्वतःचं वजन तळाशी चौरस मिलिमीटरला साधारण पाव न्यूटन येतं. मजल्यांचा भार धरूनही ते अर्ध्या न्यूटनच्या आगेमागे राहतं. म्हणून चुन्यातल्या भिंती शंभर-सव्वाशे वर्षं उभ्या राहिल्या. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट बनायला लागलं, त्याआधी ते बहुतेक बाहेरून यायचं. तुमची चाळ बांधली गेली ती चुन्यातच, हे जवळजवळ नक्की. खात्री करायची तर मागच्या बाजूची जुनी दरज किल्लीने खरवडा. पांढुरकी पूड पडेल, तिच्यात विटेचे लाल कण दिसतील, मधूनमधून न विरलेल्या चुन्याचे खडे.

आता तुमच्या भीतीबद्दल. तिला मी हलकं समजत नाही. उलट मला चुन्याचा आग्रह धरावासा वाटतो तो त्या भीतीमुळेच. तुमच्या चाळीच्या तुळया भिंतीत खोबण करून टेकवलेल्या आहेत. सागाचं लाकूड कोरडं राहिलं तर कित्येक पिढ्या टिकतं. पण तुळईचं टोक भिंतीच्या आत, डोळ्यांआड असतं, आणि भिंत सतत ओली राहिली की बुरशी आणि वाळवी सुरुवात तिथेच करतात. खोलीतून तुळई ठणठणीत दिसते, रंगवलेली असते, आणि भिंतीतलं टोक भुसा झालेलं असतं. जुन्या चाळींचे मजले खाली येतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तुमच्याकडे खालच्या दोन मजल्यांवर पोपडे निघतात, म्हणजे ओल पहिल्या मजल्याच्या तुळयांपर्यंत पोचली असावी. भिंतीला श्वास घेऊ देणं मला म्हणूनच सुरक्षेचं काम वाटतं. देखणेपणा त्याच्यामागून येतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल, पोट फुगलं असेल, किंवा विटांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी भेग जाऊन ती वाढत असेल, तर दरजा चुन्याने भरा की सिमेंटने, काही फरक पडत नाही. तिथे आधी टेकू आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर. तीस वर्षांपुढच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारकच आहे. ऑडिट करणाऱ्याला तुळयांची टोकं उघडून बघायला सांगा. खोलीतून टॉर्च मारून ‘ठीक आहे’ लिहून देणारा अहवाल घेऊ नका.

चुना पावसात टिकत नाही, यात अर्धं खरं आहे. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि ते सावकाश होतं. मे महिन्याच्या शेवटी भरलेली दरज जूनच्या पहिल्या जोरदार सरीत धुऊन जाणारच. कंत्राटदार आणि सोसायट्या पैसे जमेपर्यंत काम ढकलत नेतात, ऐन पावसाच्या तोंडावर परांची बांधतात आणि मग नाव चुन्याचं जातं. पाऊस साधारण ११ जूनला मुंबईत पोचतो असं धरतात. चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर संपवावं.

शिवाय इथल्या दमट हवेत चुन्यात सुरखी घालावी. सुरखी म्हणजे विटेची बारीक पूड, आणि तीही मध्यम भाजलेल्या विटेची. भट्टीत काळ्या पडलेल्या खेंगर विटेची पूड कामाची नाही, ती चुन्याशी धड जुळत नाही. सुरखीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो. आपल्याकडे गोद्या, धरणं, तलावांचे काठ अशाच मालात बांधले गेले. परदेशी हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा, चुनाही मिळतो, पण महाग पडतो आणि चाळीला त्याची गरज नाही.

गुळाबद्दल तुमच्या चिडण्याशी मी बराचसा सहमत आहे. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, माल मऊ चालतो, हे खरं. पण प्रमाण चुकलं तर माल घट्टच होत नाही. ज्याच्या हाताला हे प्रमाण बसलेलं आहे त्याने घालावं. दरजा भरायला चांगला चुना, धुतलेली टोकदार वाळू आणि सुरखी एवढं पुरतं. रंगाच्या दुकानात उघड्या पोत्यात महिनोन्महिने पडलेला चुना मात्र घेऊ नका. तो हवेनेच मेलेला असतो. कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला, चुना आणून पाण्यात विरवावा आणि निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवावा. खाऱ्या वाळूबद्दल वेगळं सांगायला नको.

जोत्याच्या काळ्या दगडाचंही तुम्ही विचारलंय, तिथेही सिमेंट चालणार नाही का म्हणून. काळा दगड स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. म्हणजे जोत्यातलं सगळं पाणी बाहेर पडायला दरज ही एकच वाट. ती बुजवली की पाणी थेट विटांपर्यंत चढतं, म्हणून जोत्याच्या दरजा मी सगळ्यात आधी मोकळ्या करीन. आणि कोणीही सांगितलं तरी दगड अ‍ॅसिडने किंवा वाळूच्या माऱ्याने धुवू देऊ नका. अ‍ॅसिड दरजांतला चुना खातं, आणि मालाड किंवा पोरबंदर दगडासारख्या मऊ दगडाची वरची टणक त्वचा वाळूने एका दुपारीत निघून जाते.

राहिला खर्च आणि माणसं. चुन्याचं काम हळू चालतं, मजुरी जास्त लागते, हे मान्य. पण चार मजल्यांच्या भिंतीच्या कामात परांचीचा खर्च मोठा, आणि तो दोन्हीकडे सारखाच. गवंड्यांबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. सिमेंटचं काम करणारा चांगला गवंडी चुना लवकर शिकतो. फक्त त्याच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. एक म्हणजे ग्राइंडर. जुन्या दरजा छिन्नी-हातोडीनेच काढायच्या, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल. ग्राइंडर उभ्या दरजांत विटांच्या कडा कापतो, आणि कापलेली कड परत येत नाही. दुसरी घाई. भिंत आधी भिजवायची, माल घट्टसर ठेवायचा, करणीने दाबून दाबून भरायचा, आणि मग ओली गोणपाटं लावून काही दिवस उन्हापासून जपायचा.

तुमच्या रस्त्याकडच्या भिंतीचं सगळं सिमेंट उखडून काढा, असं मी सांगणार नाही. जिथे ते घट्ट धरून बसलंय तिथे काढताना विटाच फुटतील. जिथे पोकळ वाजतं, सुटलंय, तिथलं काढा. रंग मात्र जमेल तितका उतरवा आणि त्याजागी चुन्याचे हात द्या.

त्याहीआधी पाणी कुठून येतं ते शोधा. गळका पाइप, भिंतीवर ठिबकणारं एसीचं पाणी, मोरीचा फुटलेला कोबा, कठड्यात रुजलेला पिंपळ. हे तसंच ठेवून केलेलं कोणतंही काम, माझ्या पद्धतीचं असो की तुमच्या, वाया जाईल. पिंपळ वरून छाटू नका, मूळ मारून काढा. छाटलेला पिंपळ भिंतीत आणखी जाड होतो.

चाळ उपकरप्राप्त असेल, म्हणजे तिच्यावर दुरुस्तीसाठीचा उपकर भरला जात असेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करताना कामाच्या तपशिलात ‘चुना-सुरखीच्या मालात दरजा भरणे’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या. तपशिलात काही लिहिलं नसेल तर कंत्राटदार सिमेंटच वापरणार.

आणि माझ्या शब्दावर जाऊ नका. दिवाळीनंतर मागच्या भिंतीवर, पहिल्या मजल्याच्या खाली, एक चौरस मीटरचा तुकडा चुना-सुरखीत भरून घ्या, त्याच्या शेजारी तेवढाच सिमेंटमध्ये. दोन्हींवर रंग नको. एक पावसाळा जाऊ द्या. मग डिसेंबरात दोन्हींच्या आतल्या बाजूला हात लावून बघा, आणि काय दिसलं ते इथे लिहा. बाकीच्या चाळींचे सेक्रेटरीही वाचतात.