‘डुप्लिकेट गोळ्या विकतात’ या अभिप्रायावर आमचे उत्तर

नमस्कार ताई,

आजारपणात तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत.

अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट 625 या अँटिबायोटिकच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी पिवळ्या पडल्या, चिकट झाल्या, स्ट्रिपवर क्यूआर कोड नव्हता, माल बद्दीचा होता, सूटही दिली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण ‘डुप्लिकेट विकतात, कोणी जाऊ नका’ हे जिव्हारी लागले. बनावट औषध विकण्याला कायद्यात कमीत कमी 7 वर्षांची कैद आहे. फार्मसीवाल्याला हा शब्द साधा नसतो.

तुम्ही काउंटरवर दाखवल्यात त्या गोळ्या स्ट्रिपमध्ये नव्हत्या, ‘सकाळ-रात्र’ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या डबीत होत्या. सगळे इथेच आहे. गोळीतले क्लॅव्ह्युलॅनेट हवेतली ओल ओढून घेते आणि ओल लागली की त्याचे विघटन सुरू होते. गोळी आधी मऊ पडते, मग पिवळट-तपकिरी डाग येतात. म्हणूनच कंपनी ही गोळी दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या पाकिटात घालते. पॅरासिटामॉल डबीत आठवडाभर टिकेल, ही नाही, त्यातून गोव्यातला जुलै! कात्रीने स्ट्रिप कापताना गोळीच्या कप्प्याची कड जरी उघडली तरी हेच होते. गोळी घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची. पिवळी पडलेली घेऊ नका. कोर्स अर्धवट राहिला असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.

क्यूआर कोडबद्दल. 1 ऑगस्ट 2023 पासून तो बंधनकारक झाला तो ठरावीक 300 ब्रँडना, सगळ्या औषधांना नाही. तुमचा ब्रँड त्या यादीत नाही. उलट, कोड स्कॅन झाला म्हणजे माल अस्सल असेही नाही, कारण छापलेल्या कोडची नक्कल करता येते. कोडमध्ये आलेला बॅच नंबर, एक्स्पायरी आणि उत्पादकाचे नाव स्ट्रिपवरच्या छपाईशी जुळते का, हे पाहायचे. 2024 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या मासिक यादीत नामांकित ब्रँडचे नमुने आले, तेव्हा कंपन्यांनी ‘ही बॅच आमची नाहीच’ असे कळवले होते. बनावट माल बॅचवरून पकडला जातो, रंगावरून क्वचितच.

बद्दी हिमाचलात आहे. मोठमोठ्या कंपन्यांचा माल तिथे बनतो, तसा आपल्या गोव्यात वेर्ण्यात आणि कुंडईतही बनतो. गावावरून दर्जा ठरत नाही.

सवलतीचे म्हणाल, तर सरकारने दर बांधलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचे मार्जिन 16 टक्के धरलेले असते. त्यातूनच भाडे, फार्मासिस्टचा पगार आणि दिवसरात्र चालणाऱ्या एसीचे बिल जाते. बिनबिलाचा स्वस्त माल आम्हालाही कोणीतरी देऊ करतोच. बनावट औषध शिरते ते त्याच वाटेने, म्हणून तो आम्ही घेत नाही.

तुमच्या बिलावर बॅच नंबर आहे. त्याच बॅचचे आमच्या स्टॉकिस्टचे (घाऊक विक्रेत्याचे) खरेदी बिल फाइलला आहे, दुकानात येऊन पाहा. त्या बॅचच्या उरलेल्या सीलबंद स्ट्रिपा ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवल्या आहेत, स्टॉकिस्टलाही कळवले आहे. तरी संशय असेल तर औषध कायद्याच्या कलम 26 प्रमाणे कोणताही ग्राहक विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. बांबोळीला अन्न व औषध प्रशासनात चौकशी करा. मात्र डबीतल्या गोळ्या नेऊन उपयोग नाही, त्यांच्यावर बॅच कुठे लिहिलेली असणार? सीलबंद स्ट्रिप आणि बिल न्या. अहवाल आमच्या विरुद्ध आला तर तोही इथेच टाका.

काउंटरवर आमच्या मुलाने ‘तुम्हीच भिजवल्यात’ असे म्हणायला नको होते, हे मान्य. ओल लागणाऱ्या गोळ्यांविषयी देतानाच सांगायची काहीतरी व्यवस्था करत आहोत.

कापलेली स्ट्रिप घरी असेल तर जपून ठेवा. बॅच आणि एक्स्पायरी छापलेली बाजू आम्ही शेवटी कापतो, त्यामुळे पूर्ण स्ट्रिप नेली असेल तर नंबर तुमच्याकडेच आहे. तो बिलाशी जुळला नाही, तर मात्र लगेच फोन करा.