उत्तर: गॅस सेन्सर वाजला नाही, याबद्दल

नमस्कार साहेब. "गॅस सुटला तरी अलार्म गप्प, माल बोगस, माणूस तीन दिवसांनी आला" असं आपण रिव्ह्यूत लिहिलंत. तीन दिवसांबद्दल मनापासून माफी मागतो. गणेश चवथीला आमची कामाची मुलं गावी गेली होती, पण गॅसची तक्रार म्हटल्यावर मी स्वतः निघायला हवं होतं. वहिनींना वास आला आणि त्यांनी लगेच रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडल्या, म्हणून पुढचं टळलं.

पण 'बोगस' हा शब्द फार लागला. सेन्सर बसवला त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आहे. सिलिंडरच्या बाजूला, लादीपासून एक फुटावर. आमचा कामाचा मुलगा आला तेव्हा तोच सेन्सर लॉफ्टखाली डबल टेपने चिकटवलेला होता आणि खालची स्क्रूची भोकं व्हाईट सिमेंटने बुजवलेली होती. लादी पुसताना पाणी उडतं म्हणून वर घेतला, असं आपणच त्याला सांगितलंत. साहेब, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. सुटला की आधी खाली बसतो, ओट्याखाली साठतो. वर लावलेल्या सेन्सरला तो कळेपर्यंत फार उशीर होतो. पाइपने येणारा गॅस हलका, त्याचा सेन्सर छताजवळ लावतात; तसा कुठे पाहून आपला समज झाला असेल. हलवण्याआधी एक फोन केला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं. मुलाने आपल्यासमोर न पेटवता लायटरचा गॅस त्याच सेन्सरवर सोडला, तेव्हा तो वाजला. ते आपण लिहिलं नाहीत.

जुलैत मध्यरात्री वॉशिंग मशीनमागचा पाण्याचा सेन्सर वाजला, तेव्हा सकाळी फोन करून "पैसे वसूल झाले" असं आपणच म्हणाला होतात. दोन्ही सेन्सर ज्याला जोडलेत ते अलार्मचं पॅनेल एकच आहे.

फोंडा, डिचोली, साखळी इथे घरोघरी फिरून नऊ वर्षांत हे काम उभं केलंय. आता नवीन गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू वाचतं, मग फोन करतं. चार घरं यावर चालतात.

सेन्सर परत खाली, पाणी उडणार नाही अशा बाजूला बसवून देतो, पैसे नकोत. सणासुदीला गॅसच्या तक्रारीसाठी कुणीतरी हजर असेल, तेही बघतोय. तोवर रात्री रेग्युलेटर बंद करूनच झोपा.