दोन हजार शब्द आणि तीन टक्के कीवर्ड: मराठी संकेतस्थळांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

मराठी ब्लॉग आणि लहान व्यवसायांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातील शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच राहतो. गुगलच्या पहिल्या पानावर यायचे असेल तर प्रत्येक लेख किमान दोन हजार शब्दांचा हवा. मुख्य कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टंकतात तो शब्द, मजकुरात दोन ते तीन टक्के आलाच पाहिजे. मेटा कीवर्डची चौकट, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या टॅगमधली कीवर्डची यादी, रिकामी सोडू नये. रोज एक लेख टाकावा. यूआरएल, म्हणजे पानाचा वेबवरचा पत्ता, इंग्रजीतच असावी. आणि बॅकलिंक, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे, विकत घेतल्याशिवाय काहीही साध्य होत नाही, असे त्यात सांगितलेले असते. अनेक ठिकाणी या संदेशाच्या आधारावरच कामाचा करार ठरतो आणि लेखकाचे मानधनही शब्दांवर मोजले जाते. त्यामुळे त्यातील प्रत्येक दावा तपासून पाहणे गरजेचे आहे.

मेटा कीवर्डचा दावा सर्वांत जुना असून तो निकाली काढायला वेळ लागत नाही. वेब शोधाची क्रमवारी ठरवताना आपण हा टॅग वापरत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. ती चौकट भरण्यात जाणारा वेळ पानाचे शीर्षक आणि वर्णन नीट लिहिण्यासाठी द्यावा.

दोन हजार शब्दांच्या दाव्याने मात्र खरे नुकसान केले आहे. शब्दसंख्येची कोणतीही किमान वा कमाल मर्यादा आपण पाळत नाही, असे गुगलच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. लांब लेख वर दिसतात हे काही विषयांत खरे असते, पण त्याचे कारण त्या विषयाला तेवढी जागा लागते हे असते. ‘सातबारा ऑनलाइन कसा काढावा’ हा प्रश्न घ्या. विचारणाऱ्याला संकेतस्थळ कोणते, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक कुठे भरायचा, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मोफत दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो आणि कायदेशीर कामासाठी पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो, एवढेच हवे असते. हे दोनशे शब्दांत सांगून होते. त्याऐवजी आधी सातबारा म्हणजे काय, मग त्याचा इतिहास, मग त्याचे महत्त्व, अशी प्रस्तावना वाचत वाचत शेतकऱ्याला मोबाइलवर खाली सरकत जावे लागते, आणि नेमकी फी किती हे शेवटपर्यंत सापडत नाही. वाचकाचा असा वेळ घेणे मला व्यावसायिक दृष्ट्या चुकीचे वाटते, आणि नैतिक दृष्ट्याही.

कीवर्डच्या टक्केवारीचा दावा मराठीपुरता सर्वांत घातक आहे. मुख्य शब्द किती टक्के यावा असा आकडा गुगलने कधीही दिलेला नाही. उलट तोच शब्द ठासून भरणे हे त्याच्या स्पॅमविरोधी धोरणाचे उल्लंघन ठरते. इंग्रजीत या सल्ल्याने गद्य कंटाळवाणे होते, पण मराठीत ते अशुद्ध होते, कारण मराठी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. पुणे या नावाचे पुण्यात, पुण्याहून, पुण्याच्या असे होते. विमा या शब्दाचे विम्याला, विम्याची होते. शेतकरी या शब्दाचे शेतकऱ्यांसाठी होते. टक्केवारी मोजणारे साधन मात्र अक्षरांची एकच मालिका शोधते आणि ‘पुण्यात’ हा शब्द दिसला तरी त्याला ‘पुणे’ सापडल्याचे समजत नाही. मग आकडा भरून काढण्यासाठी लेखक ‘पुणे मध्ये घर भाड्याने’, ‘शेतकरी साठी योजना’, ‘पीक विमा ची यादी’ असे लिहू लागतो. असे मराठी कोणी बोलत नाही, तरीही ते शेकडो संकेतस्थळांच्या मथळ्यांत बसले आहे. भाषेची ही मोडतोड एका मोजणीयंत्राच्या समाधानासाठी होते आणि त्या मोजणीचा क्रमवारीशी संबंध नाही.

याच संदर्भात एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ऱ्य दोन पद्धतींनी टंकता येतो: एकात नुक्ता असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमालिका आहेत. ‘ॲप’मधल्या ॲ चेही असेच आहे. एका संकेतस्थळावर तीन लेखक तीन कळफलक वापरत असतील तर संकेतस्थळाच्या अंतर्गत शोधात निम्मे लेख सापडेनासे होऊ शकतात. टक्केवारी मोजण्यापेक्षा सर्वांनी एकच पद्धत ठरवून जुना मजकूर एकदा शोधून बदलून घेणे कितीतरी उपयोगाचे आहे. उरला प्रश्न मूळ रूप मजकुरात येण्याचा, तर पत्ता, यादी, तक्ता आणि ‘पुणे: भाड्याने घर घेताना’ यांसारखे मथळे यांत ते सहज येते, त्यासाठी वाक्य मोडावे लागत नाही. लोक प्रत्यक्षात काय टंकतात हे पाहायचे असेल तर सर्च कन्सोल या संकेतस्थळचालकांसाठीच्या गुगलच्या साधनातील परफॉर्मन्स अहवालात सोळा महिन्यांपर्यंतचे शोधशब्द मिळतात, आणि त्यांत देवनागरीबरोबर रोमन लिपीतले मराठी शोधही नोंदलेले दिसतात.

यूआरएल इंग्रजीतच हवी, हा दावा अर्धवट खरा आहे आणि खरा भाग वेगळ्याच कारणाने खरा आहे. गुगल देवनागरी यूआरएल वाचू शकते आणि वाचकाच्या भाषेतले शब्द वापरावेत असेच त्याचे मार्गदर्शन सांगते. शिवाय यूआरएलमधल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. अडचण तांत्रिक आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूआरएलमध्ये टक्केचिन्हांसह नऊ अक्षरे घेते, म्हणजे नुसता ‘पुणे’ हा शब्द छत्तीस अक्षरांचा होतो. वर्डप्रेस ही संकेतस्थळे चालवण्याची प्रणाली लेखाच्या यूआरएलमधला शीर्षकाचा भाग दोनशे अक्षरांवर कापते, त्यामुळे काना-मात्रा धरून सुमारे बावीस चिन्हांनंतर मराठी शीर्षक अर्ध्यावर तुटते. ती यूआरएल व्हॉट्सॲपवर चिकटवली की बहुधा टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते आणि लोक तिच्यावर टिचकी मारायला कचरतात. म्हणून यूआरएल दोन-तीन शब्दांची ठेवावी, मग ती रोमन लिपीत असो वा देवनागरीत. केवळ हा संदेश वाचून जुन्या पानांच्या यूआरएल मात्र बदलू नयेत. बदलणे अटळच असेल तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय, लावावा.

रोज एक लेख टाकण्याच्या सल्ल्यामागे ताजेपणाची समजूत आहे. बाजारभाव, निकाल, अर्जाची मुदत अशा विषयांत ताजी माहिती महत्त्वाची असते, हे मान्य. पण ताजेपणा म्हणजे नवी पाने नव्हेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेची मुदत आधी १५ जुलै होती, ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली आणि पुढेही वाढत गेली. प्रत्येक वाढीला नवा लेख टाकणाऱ्या संकेतस्थळांवर जुन्या तारखांची पाने तशीच पडून राहिली, आणि त्यांवर उतरलेल्या स्त्रियांना मुदत संपल्याचे वाचायला मिळाले. एकच पान, वर सध्याची तारीख आणि खाली बदलांची नोंद, हे अधिक प्रामाणिक आणि सांभाळायला सोपे आहे. मजकूर न बदलता फक्त दिनांक बदलण्याची युक्ती गुगलच्या मार्गदर्शनात इशाऱ्याच्या यादीत आहे. मार्च २०२४ पासून क्रमवारीसाठी ढिगाने निर्माण केलेला निरुपयोगी मजकूरही स्पॅम धोरणात आला आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने.

शेवटचा दावा विकतच्या बॅकलिंकचा. दुव्यांना आजही महत्त्व आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु क्रमवारीसाठी दुवे विकत घेणे उघडपणे धोरणाविरुद्ध आहे आणि गुगलने एप्रिल २०१२ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून अशा दुव्यांचा फटका अनेक संकेतस्थळांना बसला आहे. विक्रेते डोमेन ऑथॉरिटीचा, म्हणजे संकेतस्थळाच्या वजनाचा, जो आकडा दाखवतात तो मॉझ या कंपनीचा अंदाज आहे, गुगलचे मोजमाप नव्हे. जाहिरात म्हणून दुवा घेण्यात काही गैर नाही. फक्त त्या दुव्याच्या कोडमध्ये तो जाहिरातीचा असल्याचे सांगणारे ‘स्पॉन्सर्ड’ हे गुणलक्षण लावलेले असावे, जे गुगलने २०१९ मध्ये आणले. ज्यांनी असे दुवे आधीच घेतले आहेत त्यांनी घाबरून डिसअव्हाउ साधन, म्हणजे ठरावीक दुव्यांकडे दुर्लक्ष करा असे गुगलला कळवण्याची सोय, चालवू नये. सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे गुगलच्या कर्मचाऱ्यांनी तपासून केलेल्या कारवाईची, सूचना आली असेल, किंवा विकत घेतलेल्या दुव्यांमुळे ती येण्याची रास्त शक्यता असेल, तरच आधी ते दुवे काढून टाकण्याची विनंती संबंधित संकेतस्थळांना करावी आणि जे उरतील तेवढ्यांचीच यादी गुगलकडे पाठवावी.