ज्वालामुखीच्या माथी मारलेला कार्बन

‘एक ज्वालामुखी फुटला की माणसानं आजवर सोडला त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवेत तो आहेच मुळी ०.०४ टक्के. तापलाय तो सूर्य, गाड्या-कारखान्यांचा काय संबंध?’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या मजकुरातला ०.०४ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण एकही युक्तिवाद तपासणीत टिकत नाही.

आधी ज्वालामुखी. फिलिपीन्समधला पिनाटुबो जून १९९१ मध्ये फुटला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी तो एक, आणि त्यातून निघाला सुमारे ५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून आज माणूस वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतो, म्हणजे रोज १० कोटी. एवढ्या मोठ्या उद्रेकाची बरोबरी आपण अर्ध्या दिवसात करतो! समुद्राखालचे धरूनही जगातल्या सगळ्या ज्वालामुखींची वर्षाची बेरीज आपल्या जेमतेम एक टक्का भरते. आणि पिनाटुबोनं पृथ्वी तापवली नाहीच. त्याच्या गंधकी वायूपासून बनलेल्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवलं आणि जगाचं सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं.

वाढलेला कार्बन कुठला, याचा माग हवेतच सापडतो. वनस्पतींपासून बनलेल्या कोळशा-तेलात कार्बन-१३ हा कार्बनचा किंचित जड प्रकार कमी असतो, आणि हवेतही त्याचं प्रमाण घटत चाललंय. सोबत प्राणवायूही किंचित घटतोय, कारण इंधन जळताना तो खर्च होतो. ज्वालामुखीतून वायू निघताना तो असा खर्च होत नाही. मला हा पुरावा सर्वांत बिनतोड वाटतो.

काहीजण सह्याद्रीच्या कातळाकडे बोट दाखवतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हानं हवामान बदललं असेलही, पण तो लाखो वर्षं वाहत होता. आपण मात्र हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे २८० असलेला कार्बन डायऑक्साइड दोन-अडीच शतकांत ४२० च्या वर नेला.

आता ते ०.०४ टक्के. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन. जमिनीतून वर जाणारी उष्णता ते जवळजवळ अडवतच नाहीत, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडलनं १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवून दिलं. त्यामुळे अडवण्याचं काम उरलेल्या थोड्या वायूंवरच येतं. १९७० आणि १९९७ मधल्या उपग्रहांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा कार्बन डायऑक्साइड ज्या तरंगलांबीची उष्णता शोषतो, नेमकी तीच अवकाशात कमी निसटत असल्याचं दिसलं.

राहिला सूर्य. उपग्रह १९७८ पासून त्याचं तेज मोजताहेत आणि ते वाढलेलं नाही. तापवणारा तोच असता तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, हाही तापला असता. तो गार होतोय.